शेपटीतला चष्मा

ती. ताईस, तुझ्या म्हाताऱ्या धाकट्या भावाचा नमस्कार.

मी लेकीकडे मजेत आहे. इथल्या छोट्या संग्रहालयात आम्ही हौशी मंडळी एक जुनं लढाऊ विमान दुरुस्त करतोय, तेही फुकट. तू म्हणशील, लष्कराच्या भाकऱ्या! म्हण खुशाल.

परवा विमानापासून वेगळ्या काढलेल्या शेपटीचा पत्रा रिव्हेट मारून बंद केला, आणि माझा चष्मा गायब. शेपटी हलवली तर आत खुळखुळ! सगळे हसले. "राहू द्या हो आजोबा, हे थोडंच उडणार आहे?"

माझं डोकंच फिरलं. उडो न उडो, विमान आहे ते. पोटात सुटी वस्तू ठेवून मी ते बंद करणार नाही. एकेक रिव्हेट ड्रिलने काढला, पत्रा उघडला. चष्मा धडधाकट निघाला. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून.

तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढत बसू नकोस.

लेक डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलीये. शेपटी पुरी झाली की जाईन. तू काळजी करू नकोस. हे पत्र चष्मा लावूनच लिहितोय. अक्षर एवढं मोठं आलंय, ते कागद भरपूर आहे म्हणून.

तुझा हट्टी,
धाकटा