आपा म्हणाल्या, दोरा सोडून ये

आपा, तुम्हाले मराठी वाचता येत नव्हती, अन् आता तर तुम्ही कबरस्तानात आहा, म्हणून मी बिनधास्त लिहून राहिली आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ओळ वर चढते, खाली उतरते. शिलाई अशी गेली असती तर तुम्ही कापड माझ्या मांडीवर फेकलं असतं अन् मी उसवत बसली असती.

तुमची ती समोरची खोली आठवते. दोन मशिनी, मधे पडदा, पडद्यामागं स्वयंपाकघर. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, अन् भोपाळहून आलेल्या साहेबांच्या बायका चौबे कॉलोनीतून ब्लाऊज घेऊन यायच्या. सगळ्यांले सगळं आजच पाहिजे. मी बीरगांवहून तुमच्याकडं शिलाई शिकायले ऑटोत कोंबून यायची अन् आल्या आल्या तुमचं अन् तुमच्या नणंदेचं भांडण ऐकायची. नणंद पडद्यामागं फोडणी देऊन राहिली आहे, तुम्ही बाही जोडून राहिल्या आहा, अन् विषय एकच. ती दर जुमेरातीले, म्हणजे गुरुवारी, दर्ग्यात जायची, तुम्ही जात नव्हत्या. ती म्हणायची, "छत पे चढ़ने को सीढ़ी लगती कि नहीं, भाभी? बाबा हमारी सीढ़ी हैं।" तुम्ही पायडल न थांबवता म्हणायच्या, "सुनने वाला छत पे बैठा ही नहीं है। गर्दन की नस से भी पास है। सीढ़ी लगाएगी कहां?" मग ती म्हणायची की तुम्हाले वलींची, मोठ्या संतांची, इज्जत नाही. तुम्ही म्हणायच्या, "इज़्ज़त पूरी है। सलाम करती हूं, उनके लिए दुआ मांगती हूं। उनसे नहीं मांगती।" मग नणंद भाजीत तिखट जास्त टाकायची अन् जेवताना तिघींच्याही डोळ्याले पाणी.

मले तेव्हा दोघींचंही खरं वाटायचं. आमच्याकडं काय, सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा, शनिवारी भीतीपोटी तिसऱ्याचा. एक दर्गा वाढला तर माझं काय जाते? म्हणून तुमच्या बच्चेदानीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी नणंदेसोबत दर्ग्यात गेली अन् जाळीले तुमच्या नावानं मन्नतीचा दोरा बांधला. लाल दोरा घरी विसरली होती. पिशवीत एका साहेबिणीच्या साडीची फॉल लावायची पोपटी रीळ होती, तीच सोडवली, चौपदरी केली अन् तुम्ही शिकवलेली गाठ मारली. धुण्यात सुटू नये अशी.

दुसऱ्या दिवशी फॉल अर्धी लागली अन् दोरा संपला. तुम्ही रिकामी रीळ फिरवून पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मले खोटं बोलायले वेळ लागते, खरं लवकर निघते. सांगून टाकलं.

तुम्ही मशीन थांबवली. मी तुम्हाले कामाच्या मधात मशीन थांबवताना पहिल्यांदा पाहिलं. "ऑपरेशन मेरा, पेट मेरा, धागा मेरे नाम का, और मुझसे पूछा नहीं? कल ऊपर मुझसे सवाल होगा तो क्या बोलूं, कि मेरी एक मराठिन शागिर्द है, किसी की सुनती नहीं? जा, खोल के आ।" मी म्हटलं, "आपा, बांधलेला दोरा सोडत नसतात." तुम्ही म्हणाल्या, "तो बांधना नहीं था।"

उन्हात गेली. जाळीवर दोरे असे दाटले होते जसा कोणी जाळीले स्वेटर घातला. पोपटी एकच, ते एक बरं. पण गाठ कशी सुटावी? नखं लावली, पिन लावली, शेवटी तोंड लावलं. तेवढ्यात दर्गा सांभाळणारा मुजावर आला, हसून म्हणते, "मन्नत पूरी हो गई, दीदी? मुबारक हो।" मी दातातला दोरा न सोडता म्हटलं, "पूरी नहीं हुई. कैंसल है." तो म्हणते, "यहां कैंसल नहीं होता। खोला मतलब पूरी हुई।" अन् माझ्या ओंजळीत साखरेचा चिरौंजीदाणा ओतला. तुमचं ऑपरेशन व्हायचं होतं अन् मी ते यशस्वी झाल्याचा प्रसाद घेऊन परत आली.

तुम्ही ऐकलं. "जाली को मुंह लगाया?" विचारलं. "लगाया," म्हटलं. तुम्ही पोट धरून हसल्या, दुखत होतं तरी हसल्या. नणंद पडद्यामागून म्हणाली, "देखा? पूरी हो गई।" दाणे तिनंच खाल्ले.

मग तुम्ही म्हणाल्या, "अब सच्ची मदद कर। अस्पताल में मेरे साथ रह।" मले राग आलाच होता. मी म्हटलं, आता माणसाले मागणं चालते काय? तुम्ही म्हणाल्या, "तू ज़िंदा है, सामने खड़ी है, तेरे हाथ का काम है। इतना मांगने में कुछ नहीं। तू ना बोलेगी तो भी मेरा अल्लाह है।" वरून हेही ऐकवलं, "तू मंदिर में मांग लेगी, मज़ार पे मांग लेगी, बाजू वाली से एक कटोरी शक्कर नहीं मांगेगी। ये भक्ति नहीं है, अकड़ है।" मी आली अस्पतालात. तुमच्या वेण्या घातल्या, तुम्ही बऱ्या झाल्या, अन् पुष्कळ वर्षं मले रागवत राहिल्या.

आता मी तेलीबांध्याले मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याच्या ऑपरेशनले सोबत कोणी आणा, नंतर थेंब टाकणारं कोणी पाहिजे. मुलगा बाहेरगावी. सून बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करून राहिली आहे. चांगली पोरगी आहे, मराठी समजते, हिंदीत बोलते. रोज विचारते, "मम्मी, कुछ चाहिए?" मी रोज म्हणते, काही नाही. देवीले सांगून झालं, मारोतीले सांगून झालं. तिले सांगायचं म्हटलं की मी दुसरंच काही बोलते. ऑपरेशन उद्या आहे. म्हणून हा कागद घेतला अन् तुम्हाले लिहायले बसली की आपा, काहीतरी करा, हिच्या मनात घाला, हिनं आपणहून सोबत यावं.

तेवढी ओळ लिहिली अन् मीच पाहत राहिली. पलीकडं जिती बाई बसली आहे अन् मी मेलेलीले अर्ज लावून राहिली. ओळ खोडली. उठली, दारात उभी राहिली अन् म्हटलं, "उद्या माझ्यासंग चल. मले भेव वाटते." ती म्हणाली, "मम्मी, कल तो मेरी मीटिंग है। परसों करा लें? मैं डॉक्टर से बात कर लेती हूं।" माझ्या तोंडात आलं होतं, राहू दे, मी एकटीच जाते. गिळलं. म्हटलं, "हव. परवा." तिनं लगेच फोन लावला.

एक सांगते, आपा, अन् हा कागद म्हणूनच कोणाले दाखवणार नाही. तिचं डॉक्टरशी परवाचं जमलं तेव्हा मी हात जोडले, पण देवाच्या आधी माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं.