मामा मरत नाहीत

मारुंजी,
२१ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
ज्ञानेशचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला हाताने लिहायची सवय राहिली नाही. दोघांनी थोडं थोडं सोसू.

तक्रार तुझ्या धाकट्या भावाची आहे. गेल्या वर्षी गणपतीत पिंपळे सौदागरला दिग्विजयच्या सोसायटीत आमचा सिनेमा तू पाहिलास. चार कामगार मोबाइलच्या गेममध्ये अडकतात आणि दैत्याला मारून बाहेर येतात. दैत्य म्हणजे चिमाजीमामा, आणि लोकांना सगळ्यात तेच आवडले. म्हणून भाऊबीजेच्या संध्याकाळी दाखवायला दुसरा भाग काढतोय, त्यात ते चौघं पुन्हा अडकतात. सगळं झालंय, फक्त शेवट राहिलाय. कारण मामा मरत नाहीत.

आधीच हाल कमी नाहीत. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आणि आमचा हीरो दिग्विजय आयटीतला, त्याला शनिवार-रविवार. त्यामुळे गुरुवारी मामा हवेशी लढतात, रविवारी दिग्विजय हवेशी लढतो आणि मी दोघांना जोडत बसतो. परवा जोडून पाहिलं तर दोघंही एकाच दिशेला पळत होते. तेही खपून गेलं असतं. पण तलवार लागल्यावर दैत्याने पडायचं असतं, तर मामा छाती काढून उभेच. म्हणतात, लागलंच नाही. तुम्ही पडला नाहीत तर ते चौघं गेममधून बाहेर कसे येणार, असं विचारलं तर म्हणाले, बाहेर तरी कुठे नोकऱ्या ठेवल्यात, राहू दे आतच.

मी टेकीला आलोय. ते तुझंच ऐकतात. एक पत्र टाक आणि स्पष्ट लिही, की बाबा, मर.

तुझ्यावाचून तक्रार कुणाकडे करणार? माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ज्ञानेश

---

ढोकी,
२७ सप्टेंबर

चि. चिमाजीस,
सोजरआक्काचे अ. उ. आ.

तुझ्या भाच्याचं पत्र आलं. त्यानं मला जे लिहायला सांगितलंय ते मी लिहिणार नाही. दर भाऊबीजेला ज्या हातानं ओवाळून तुला औक्ष मागते, त्याच हातानं तसला शब्द लिहू? त्याला अक्कल नाही, अन् इंजिनिअर म्हणे.

पण तुझंही मला कळेना. गेल्या वर्षी पहिल्यांदा नीट पडला नाहीस म्हणून आपणहून तीनदा पडलास, हे तूच मला फुशारकीनं सांगितलंस. यंदा कसला मान आडवा आला? पोरगं रडकुंडीला आलंय, बापाविना तुझ्याच भरवशावर तिकडं राहतंय. असं कर, खाली बस, आडवा हो, डोळे मीट. तो काय म्हणायचं ते म्हणू दे, मी झोपलास म्हणीन.

तुला अन् रुपालीला जोडीनं आशीर्वाद. यंदा भाऊबीजेला मीच तिकडं येते. आठवण धरत जा, नुसता दैत्य होऊन भागत नाही.

तुझी,
आक्का

---

भोसरी,
४ ऑक्टोबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भाच्याने आईकडून मामाच्या मरणाची शिफारस आणावी, हे मी या जन्मी पाहिलं. इतकी वर्षं कारखान्यात शॉपवर माणसं सांभाळली, असली शिफारस साहेबानेसुद्धा आणली नाही.

आक्का, मला पडायला लाज नाही. पण मारणारा तरी हवा ना! दिग्विजयला एकदा समोर उभा केला होता. लॅपटॉपवरची धूळ झटकावी तशी तलवार फिरवतो. त्या फटक्याने एक डास मेला तर मीही मरेन. त्यात माझ्या मानेवर पुठ्ठ्याची पाच डोकी, आणि जमीन ही अशी धुळीची. शिवाय दैत्याने दरवेळी का मरायचं? त्याला घरदार नाही?

घरीही सासुरवासच आहे. रुपालीने गाडीची किल्ली लपवली, भाजीतलं मीठ तोडलं, आणि दर गुरुवारी शूटिंगला खुर्ची टाकून इन्स्पेक्टरसारखी बसते. विचारलं की म्हणते, सहज. सहज कुणी चार तास बसतं का?

माझी तब्येत ठणठणीत. काळजी नसावी. तुझ्या मायेवर चाललंय, त्यात काटकसर नको.

तुझा,
चिमाजी

ता. क. वन्सं, यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून चोरून लिहिते. आषाढात हे मशीनपाशी कोसळले. हृदयाचा झटका होता. दोन स्टेंट घातले. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली, आणि ज्ञानेश तेव्हा कामासाठी बंगळूरला होता. डॉक्टरांनी आता सिनेमाला हो म्हटलंय. पण पहिल्याच तालमीला हे ठरल्याप्रमाणे पडले आणि माझ्या तोंडून किंकाळी गेली. पाल दिसली म्हणून सगळ्यांना सांगितलं. यांना कळलं. तेव्हापासून पडत नाहीत. रागवू नका. रुपाली.

---

ढोकी,
१० ऑक्टोबर

चि. ज्ञानेश,
अ. उ. आ.

मामाला आषाढात हृदयाचा झटका येऊन गेला. मला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. मोठे शहाणे. मामी समोर बसलेली असते म्हणून तो पडत नाही, एवढंच आहे ते. तू हट्ट म्हणालास, मीही दोन शब्द लावले. माझे मला बोचतायत, तुझे तुला बोचू देत.

मामाला तू काही विचारू नकोस. त्याला मी येऊन बघते. तू शेवट बदल. कसा, ते मला विचारू नकोस, मी सिनेमे काढत नाही. माझा भाऊ पडणार नाही आणि रुपालीला तिथनं उठवायचं नाही, एवढं सांभाळून काय ते कर. चौघं अडकले गेममध्ये तर अडकू देत.

जेवत जा. आईचा राग पत्रापुरता असतो, माया नाही.

आई

---

मारुंजी,
१७ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, मामांना काही विचारलं नाही. मग दिग्विजयला काल गुरुवारची रजा काढायला लावली.

शेवट मात्र सुचलाच नव्हता. मी दोघांना म्हटलं, नुसते लढा, बघू. दिग्विजयने जीव तोडून तलवार चालवली. मामा उभे. वर त्याला म्हणत होते, ये ना भावा, जिमचे पैसे वाया गेले का! शेवटी दिग्विजयच गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला. आता काय, म्हणून मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात मामी खुर्चीवरून उठल्या आणि सरळ कॅमेऱ्यासमोर चालत गेल्या. हातात डबा. म्हणाल्या, जेवायची वेळ टळून गेली, गोळी राहिलीय, लढाई नंतर करा. मामा पाच डोकी हलवत म्हणाले, पाचच मिनिटं. मामींनी मधलं डोकं उपसून काखेत घेतलं आणि चालू लागल्या. मामा मुकाट मागे निघाले. गेममधून बाहेर पडायच्या दारावर राखणीला कुणीच उरलं नाही, तेव्हा दिग्विजय हळूच दार ढकलून बाहेर पडला.

मी कॅमेरा बंद केला नव्हता. बाकीच्या तिघांना रविवारी त्याच दारातून बाहेर काढतो. तोच शेवट ठेवलाय. दैत्य मेला नाही, जेवायला गेला.

लॅपटॉपवर मामांना दाखवलं. कुरकुरले, की एवढा मोठा दैत्य बायकोच्या मागून जाताना बरा दिसत नाही. मामी हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि म्हणाल्या, पुन्हा लाव.

लवकर ये. तुझ्या लोभावर आता मामांचाही हक्क आहे, वाटून दे.

तुझा,
ज्ञानेश