काचेतली रांगोळी

अल मनखूल, दुबई
नोव्हेंबर १९९७

आदरणीय लेडी हॅरिएट,

इंग्लंडमधल्या तुमच्या हवेलीत तुम्ही कित्येक चित्रकार पोसलेत, मान्य. पण दिवाळीत माझ्या दारातली रांगोळी आवडली म्हणून तिच्यावर काचेची पेटी ठेवलीत आणि ती बघायला गुरुवारी पाहुणेही बोलावलेत! दहा दिवस आम्ही अंग चोरून घरात शिरतोय. आमचे हे म्हणतात, "बॉसच्या मिसेस आहेत, हात लावायचा नाही!"

अहो, रांगोळी रोज पुसून नवी काढायची असते! आज सकाळी मी पेटी उचलली, केरसुणी फिरवली, खलास. गुरुवारी या. रांगोळीचा डबा हातात देते, खाली बसा आणि स्वतः काढा.

हे पत्र मात्र पाठवत नाही. तुम्ही तेही काचेत लावाल.

तुमच्या कौतुकाने बेजार,
शोभना