बाबांचा गुडघा

प्रिय हर्षा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून रोहितच्या हाती ही चिठ्ठी पाठवते आहे. कामठी काही परदेश नाही, पण बाबांच्या तेरवीनंतर तू नंदनवनच्या घरात पाऊल टाकलं नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं, तुझं हे गप्प राहणं मला सोसत नाही.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तू हट्टाने करायला लावलंस, आणि संक्रांतीच्या आधी त्यांच्या हृदयाने दगा दिला. तू या दोन गोष्टी मनात एकत्र बांधून ठेवल्यास. डॉक्टरांनी समजावलं, रोहितने, तुझ्या सख्ख्या भावाने समजावलं, पण तुझ्या कानात काही शिरलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर बाहेर आले तेव्हा तू औषधं आणायला गेली होतीस. ते म्हणाले, हाडातल्या पोकळ्या स्कॅनमध्ये दिसल्या त्याहून मोठ्या निघाल्या. ऑपरेशनला मदत करणाऱ्या रोबोटला हाडाची जागा दाखवणारी पिन पोकळीपाशी हलत होती. त्यांनी ती काढली, घट्ट हाडात बसवली आणि सगळी मापं पुन्हा घेतली. मग पोकळ्या खरवडून साफ केल्या आणि बाबांच्याच कापलेल्या हाडाचा चुरा त्यांत ठासून भरला. नवा सांधा त्यानंतर बसवला. घाई कुठेच केली नाही.

आणि तुझे बाबा चालले, पोरी! कुहीच्या शेतात धुऱ्याच्या अरुंद बांधावरून काठी न घेता चालले. धानकापणीला माणसं जरा टेकली की ओरडायचे, "काहून बसले गा? गुडघा मी बदलून आणला, तुम्हाले काय झालं?" मी चिडायचे, ते हसायचे. ते दिवस तुझ्या हट्टामुळे मिळाले. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवतात ते चालतानाच.

आता लिहायचं कारण सांगते. माझा उजवा गुडघाही गेला आहे. त्याच डॉक्टरांना दाखवला, तर माझ्याही हाडात तशाच पोकळ्या निघाल्या. सोमवारी ऑपरेशन आहे, तिथेच, त्याच रोबोटने. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? घरच्यांची सही लागते. रोहित पेन काढून तयारच होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, हर्षा करेल.

तुझीच, दाराकडे कान लावून बसलेली,
आई