कुंपणाजवळची फांदी

प्रिय सूनबाई,

तुझं खुशाली विचारणारं पत्र येऊन महिना झाला. उशीर कामामुळे नव्हे, धीर होत नव्हता म्हणून झाला.

माझे गुडघे कुरकुरतात, पण पूजेला बसवतं. लेक फोनवर म्हणतो, "आई, माझी बायको झाडांची डॉक्टर आहे हो!" मी म्हणायचे, धडधाकट झाडाला आजारी ठरवणारी कसली डॉक्टर? आता नाही म्हणत.

परसातलं सफरचंदाचं झाड तू पहिल्यांदा पाहिलंस तो दिवस आठवतो. टवटवीत पानं, फळांनी वाकलेल्या फांद्या. तुझ्या सासऱ्यांनी हौसेनं लावलेलं. आणि तू, घरात येऊन आठवडा झालेली, म्हणालीस की याच्या अंगात विषाणू असू शकतो. झाड स्वतः सोसतं, काही दाखवत नाही, पण कलमासाठी त्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, ज्या रोपावर बांधाल तिथे रोग जातो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तपासणीच्या फांद्या कशा कापायच्या ते दाखवणारे तुझे हात बघत राहिले. प्रत्येक फांदीनंतर चाकू स्पिरिटनं पुसणं, प्रत्येकीला चिठ्ठी बांधणं. मी मॅट्रिक झालेली बाई, पण नेटकं काम ओळखते.

जाताना तू कुंडीतलं एक नाजूक रोप ठेवलंस. त्यावर डोळा कसा बांधायचा ते दाखवलंस; मोठं झाड जे लपवतं ते या रोपाला लपवता येत नाही, म्हणालीस. मी त्याला पाणी घातलं, कारण फुकट घालवणं मला जमत नाही. विश्वास मात्र ठेवला नाही.

पुढे तू तपासायला फांद्या मागवल्यास. मी पाठवल्या. तुझ्या सहीचा कागद आला: झाड निर्दोष. रोपवाटिकेच्या टोपीकाकांनी तो कागद बघून लगेच पुढच्या हंगामात हजार डोळे न्यायचं ठरवलं. "वहिनी, तुमचं झाड गावोगाव जाणार!" त्यांचा आनंद बघवेना. देवापुढे हात जोडले की मान वर होईना. शेवटी तू शिकवलंस तसा मोठ्या झाडाचा एक डोळा त्या कुंडीतल्या रोपावर बांधला. दोन महिन्यांनी नवी पानं आली ती वेडीवाकडी, फिकट ठिपक्यांची. पोरी, किती खरं बोललीस तू, आणि किती हळू आवाजात!

तुझी तपासणी चुकली नाही गं. फांदीच चुकीची होती. कुंपणाजवळ बीपासून आपोआप उगवलेलं झाड आहे ना, त्याच्या फांद्या मी मोठ्या झाडाची चिठ्ठी बांधून पाठवल्या. झाड तोडायला लावशील अशी भीती वाटली. परवा फांद्या मागवणारं तुझं जुनं पत्र काढलं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, "आई, तोडायचं नाही, फक्त कलमं द्यायची नाहीत." तेव्हा रागानं अर्धंच वाचलं होतं. टोपीकाकांना काल खरं सांगून दारातूनच परत पाठवलं. तो कागद रद्द कर, तुझ्या नावाला माझ्यामुळे बट्टा नको. आजवर ज्या एकोणीस घरांना मी कलमं दिली त्यांची यादी वहीतून उतरवून सोबत ठेवली आहे. खऱ्या झाडाच्या फांद्याही आहेत, चाकू पुसून कापलेल्या. तू म्हणाली होतीस, उबेत वाढवून कोवळ्या शेंड्यापासून निरोगी रोप करता येतं. ह्यांच्या झाडाचं तसं एक लेकरू मला करून देशील? तुझ्याच हातचं हवं.

तुझीच,
आता पत्र शेवटपर्यंत वाचणारी सासू