वैशाखऱ्याचा डोंगर आणि माझा आराखडा

१० फेब्रुवारी
पुण्याच्या ट्रेनिंगहून परत. डोळे उघडले. माती, पाणी, प्राणी, माणसं मिळून जंगल. सगळं एकत्र सांभाळायला हवं. आमच्या वनसंवर्धन संस्थेत मात्र झाडंवाला पाणीवाल्याशी बोलत नाही आणि पाणीवाला अंघोळ करत नाही. शिसारी येते.
संकल्प: वैशाखऱ्याच्या डोंगराचा एकात्मिक आराखडा. मार्चअखेर डायरेक्टर रुपाली मॅडम येणार. डोंगर पसंत पडला की मुरबाड-शहापूरचा प्रमुख मीच.

१३ फेब्रुवारी
डोंगराखालच्या पाड्यावर मीटिंग. विषय लोकसहभाग. दीड तास मीच बोललो. शेवटी पाड्यावरचा मंगळू म्हणतो, सायब, आदी जाळरेषा काढू. मोहाची फुलं वेचायला लोकं पाला पेटवतात, आग वर चढली तर काय ऱ्हानार नाय. म्हणजे गवत कापून मोकळा पट्टा करायचा. उठसूट कोयता! हीच ती घाणेरडी जुनी सवय. तरी 'स्थानिक ज्ञान' या रकान्यात लिहून घेतलं. मंगळू कोयता उचलून निघून गेला. भारावला असावा.

२४ फेब्रुवारी
धसईच्या झेरॉक्सवाल्याने नकाशातला निळा ओढा काळा छापला. शी! त्यात मंगळू परत हजर. गवत पार वाळलाय म्हणे. सांगितलं, जाळरेषेला माती, पाणी, वन्यजीव अशा तिन्ही विभागांच्या सह्या लागतील. नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?

६ मार्च
तिन्ही विभागांची मीटिंग. आधी सही कोणाची यावर भांडले. वडे मात्र एकजुटीने संपवले.

१९ मार्च, रात्री
दुपारी चारला डोंगर पेटला. तातडीची मीटिंग बोलावली. कोणी आलं नाही, हरामखोर! पाड्यावरची माणसं ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. मी खालून लोकसहभागाचे फोटो काढले. अर्धा डोंगर काळा. रडू आलं. धुरामुळे.

२८ मार्च
मॅडमनी विचारलं, उरलेला अर्धा कसा वाचला? कळलं की मंगळू आणि त्याची बायको भिमी यांनी वरच्या अंगाला गुपचूप जाळरेषा काढली होती. ती विनापरवाना असल्याचं मी तिथल्या तिथे मॅडमच्या लक्षात आणून दिलं. मॅडमनी माझा आराखडा मिटून बाजूला ठेवला. मग डोंगर मंगळूकडे सोपवला. मला त्याच्या हाताखाली.

२९ मार्च
कामावर हजर. जाळरेषेसाठी कोयता उचलला, तर भिमीने काढून घेतला. ऱ्हाऊ द्या सायब, पाय तोडून घ्याल, तुमी जेवनाचे डबे सांबाळा म्हणाली.
सांभाळले. एकही हरवला नाही.