सव्वीस भोकांची स्कूटर

६ मार्च, शुक्रवार

गाडीने ये म्हणतो. मला! ज्या इस्सातला मी पाठीवर घेऊन बर्फ तुडवलं, ज्याचं नाक मी पुसलं, तो माझा धाकटा भाऊ माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पिऊन मला सांगतो, ताई, यंदा कळपाबरोबर स्कूटरवर नको, तू भांडी-तंबू घेऊन रस्त्याने ये. वर म्हणे दगदग होते तुला. दगदग! त्रेपन्न वर्षांची आहे, मेले नाही अजून. वीस वर्षांची असल्यापासून दर वसंतात रेनडिअरांच्या मागून समुद्रापर्यंत गेलेय मी. आता भांडी वाहू?

त्याच्या मनात काय आहे ते कळतं मला. गेल्या वर्षीचं. खिंडीत गाभण माद्या उधळल्या, खडकांवरून पळत सुटल्या, मग बऱ्याच गाभडल्या. किती ते लिहीत नाही. आपल्या रेनडिअरवाल्यांत जित्या कळपाचा आकडा कुणी विचारत नाही, मेलेल्यांचा कशाला. पण कारण लिहिते. माझ्या बर्फावरच्या स्कूटरचं डावं पॅनल. रिव्हेट तुटले, पॅनल खडखडलं, जनावर बिथरलं. चण्याएवढ्या रिव्हेटवर एवढं थोरलं प्लॅस्टिक टांगून ठेवलंय, त्याला मी काय करू?

ठरलं. सगळे रिव्हेट उडवायचे, त्यांच्या जागी रिव्हेट-नट. आतून आटे असलेली नळी असते बोटाच्या पेराएवढी. भोकात घालायची, ओढून फुगवायची, की ती धरून बसते. मग बोल्ट. पॅनल जन्मात हलणार नाही, आणि काढायचं तर पाना फिरवला की हातात. कळप निघायला पाच आठवडे आहेत. मला दोन दिवस खूप झाले.

७ मार्च

दुकानात गेले. हालग्रिमला सांगितलं, चाळीस रिव्हेट-नट दे. तो विचारतो, पॅनलखालचा पत्रा किती जाड आहे. म्हटलं, पत्र्याएवढा. तो म्हणाला, बाई, तसं नसतं, जाडीप्रमाणे नळी घ्यावी लागते, आणि ओढायचं हत्यारही लागेल. म्हटलं, हात आहेत मला दोन. त्याने पुडी बांधली. विकायला बसलाय की परीक्षा घ्यायला!

९ मार्च. उणे एकतीस

सकाळी अंगणात सव्वीसच्या सव्वीस रिव्हेट उडवले आणि भोकं मोठी केली. नवरा खिडकीतून ओरडत होता की पॅनल आत आण, जरा ऊब लागू दे, या थंडीत प्लॅस्टिक काचेसारखं होतं. निल्लास गावातल्या रस्त्यांवरचं बर्फ काढतो म्हणून त्याला वाटतं थंडी त्यालाच कळते. म्हटलं, पॅनलला काय सर्दी होणारे?

कडेला दोन तडे गेले. तडे आधीचेच असणार.

नऊ नंबरचं ड्रिल सापडेना, दहाचं लावलं. एकाने काय होतंय.

संध्याकाळी निल्लास पुडीवरचं वाचून म्हणाला, भोक नऊचंच हवं होतं. आता वाचतोय! सगळं झाल्यावर! तर म्हणतो सकाळीच सांगितलं होतं. ड्रिलच्या आवाजात मला ऐकू कसं येणार, याचा विचार नाही.

१२ मार्च

चौदा नळ्या छान बसल्या. म्हणजे दहा. सहा तर नक्कीच.

बाकीच्या गरगर फिरतात. बोल्ट फिरवला की नळी पण फिरते. बोल्ट आतही जाईना, बाहेरही येईना. पॅनल धड बसलेलं नाही आणि निघतही नाही. निल्लास कॉफीचा कप घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. मग म्हणाला, जन्मात हलणार नाही म्हणालीस ते हेच का?

उद्यापासून कॉफी त्याची त्याने करावी.

१५ मार्च

उपाय सापडला. दुकानात मिळणारा नाही, आईचा. आई स्लेजच्या पट्ट्या ओल्या कच्च्या कातड्याने बांधायची. वाळलं की लाकडासारखं कडक. रेनडिअरच्या पायाचं कातडं भिजवलं, बारीक पट्ट्या कापल्या, अडकलेल्या नळ्या करवतीने कापून काढल्या आणि नव्या नळ्यांना पट्ट्या गुंडाळून भोकांत ठोकल्या. स्कूटर दोन दिवस शेडमधल्या शेगडीपाशी ठेवणार.

१७ मार्च

दगड झालाय दगड! लाथ मारली तरी पॅनल हलत नाही. इस्सातला बोलावलं. त्याने बोटाने ठोकून पाहिलं, वास घेतला. म्हणाला, शनिवारी गोठलेल्या तळ्यावर चालवून बघू. चेहरा बघण्यासारखा होता. जिंकलेच मी.

२१ मार्च, शनिवार

तळ्यावर पहिले दोन फेरे झकास. आवाज नाही, काही नाही. इस्सात काठावर हात खिशात घालून. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन तापलं, वरचं बर्फ वितळलं, पाणी नळ्यांपाशी उतरलं, आणि कातड्याचं परत कातडं झालं. तेवढंच असतं तरी मी निभावलं असतं. पण आमच्या चाहप्पेला वास लागला. कुत्र्याला काय कळतंय, त्याला वाटलं जेवण आलं. मी थांबले तसा तो पट्ट्या ओढायला लागला, मग अख्खं पॅनल दातात धरून तळ्यावरून पळाला.

इस्सात हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. पॅनल उचलून आणलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ताई, पॅनल वाजलं तरी चालतं गं. हळू चालवायची.

हळू! शेवटच्या माद्या रेंगाळायला लागल्या की मागून कुणीतरी हाकायलाच लागतं. हे त्याला मी शिकवलंय.

२८ मार्च

आज जेवताना निल्लास म्हणाला, म्हणजे बशीकडे बघत म्हणाला, गेल्या वर्षी खिंडीत मी तुझ्या मागेच होतो. पॅनल तू स्कूटर खडकाला घासलीस तेव्हा सुटलं. माद्या त्याच्या आधीच पळत होत्या.

म्हटलं, डोळे तपासून घे.

मी जरासा गॅस दिला होता, बस. अंधार पडायच्या आत खिंड ओलांडायची होती. जरासाच.

३१ मार्च

निल्लास खरंच डोळे तपासून आला. चष्मा लागत नाही म्हणे. डॉक्टर तरी काय तपासतात कुणास ठाऊक.

६ एप्रिल

सकाळी इस्सात दारात. मला वाटलं, आला माफी मागायला. सामानाची पिशवीसुद्धा भरायला घेतली होती मी. तर त्याच्या स्कूटरचं इंजिन बसलंय. म्हणाला, ताई, तुझी देशील का.

म्हटलं, काम अपुरं आहे, अजून एक आठवडा दे. म्हणाला, शनिवारी निघतोय. मग माझ्याच शेडमध्ये शिरला, मोठ्या डोक्याचे साधे रिव्हेट काढले, कॉफीच्या डब्याच्या झाकणातून चकत्या कापल्या, माझ्या मोठ्या झालेल्या भोकांवर बसवल्या आणि ठोकले. सव्वीस. एक तास लागला. निल्लास पॅनल धरून उभा. मला कुणी काही धरायला सांगितलं नाही.

मी बजावलं, हे रिव्हेट टिकणार नाहीत, खिंडीत खडखडतील, मग कळेल.

खडखडू देत. म्हणजे कळेल सगळ्यांना.

तसं नाही म्हणायचं मला. माद्या गाभण आहेत.

११ एप्रिल

गेले. निल्लासही कळपाबरोबर. मी गाडीत, मागे भांडी. चाहप्पे माझ्याच स्कूटरवर इस्सातच्या पुढ्यात बसून गेला. वळून बघितलं नाही त्याने.

१९ एप्रिल, रविवार. समुद्रावर

कळप पोचला. निल्लास आधी आला, बूट काढायच्या आतच विचारलं, खिंडीत काय झालं.

म्हणाला, काही नाही.

पॅनल?

म्हणाला, वाटेतच तीन रिव्हेट गेले. खिंडभर खडखडत होतं, पत्र्याच्या डब्यात दगड घातल्यासारखं. इस्सात मागून चालत्या माणसाच्या वेगाने येत होता. माद्यांनी मान वर केली नाही. एक तर मध्येच शेवाळ उकरत थांबली, तर तो पण थांबला.

मी मांस उकळायला ठेवलं. मीठ घालायचं विसरले. सगळ्यांनी तसंच खाल्लं. या घरात कुणी काही बोलतच नाही.

म्हणून चिठ्ठी लिहिली. इस्सातच्या खाटेवर ठेवली, इथेही उतरवून ठेवते.

इस्सात, वर्ष झालं, तू मला एक शब्द बोलला नाहीस. दगदग म्हणालास, बाकी काही नाही. आता सरळ सांग. गेल्या वर्षी त्या माद्या पॅनलमुळे पळाल्या की माझ्यामुळे? आणि किती गाभडल्या? विचारत नाहीत ते माहीत आहे मला, तरी विचारतेय. माझी समजूत काढू नकोस. रविवारी, २६ तारखेला, मी गाडी घेऊन परत जाणार. त्याच्या आत तोंडाने उत्तर पाहिजे.